गोठा, थांबा आणि आमची आत्या

आमची आत्या आयुष्यभर बसस्थानकावर बोलली. नोकरीच तशी होती. स्थानकाच्या वरच्या मजल्यावर काचेची एक खोली होती, खोलीत उंच स्टूल, स्टुलावर घरून नेलेली उशी, उशीवर आत्या आणि आत्यासमोर मायक्रोफोन. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे आणि कुठली सुटण्याच्या तयारीत आहे, हे ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला सांगायची. मायक्रोफोन मधूनमधून बंद पडे. आत्याला ते कळत नसे आणि प्रवाशांनाही कळत नसे, कारण तिचा आवाज तसाही काचेतून खाली पोचत होता. दुरुस्तीवाला यायचा तो मायक्रोफोनचा दिवा लागत नाही हे बघून.

सुरुवातीला ती "लक्ष द्या" असं तीनदा म्हणायची. शेवटी "आहे" म्हणायची, पण हा 'आहे' तुमच्याआमच्यासारखा नसे. "गाडी सुटण्याच्या तयारीत आऽऽहे." तो सुरू होताना उपाहारगृहात बसलेला माणूस तो संपेपर्यंत हात धुऊन, पिशवी उचलून फलाटावर येऊ शकत असे.

"लोकांना पळायला वेळ नको का द्यायला?" असं आत्या म्हणायची.

मग स्थानकात यंत्र आलं. यंत्रात कुणा मुलीचा आवाज होता. गोड, गुळगुळीत, कधी सर्दी न होणारा. आत्याची निवृत्ती जवळ आलेलीच होती, त्यामुळे निरोप आणि यंत्राचं उद्‌घाटन एकाच समारंभात उरकलं. स्थानकप्रमुखांनी तिला हार घातला, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि भाषण केलं. "बाईंच्या आवाजाची आम्हाला इतकी सवय झाली होती," ते म्हणाले, "की तो आम्हाला ऐकूच येत नसे."

त्यांनी कौतुकच केलं होतं. टाळ्याही पडल्या. आत्यानं घड्याळ आणि ते वाक्य दोन्ही घरी आणलं. घड्याळ आम्ही बैठकीच्या खोलीत लावलं. वाक्य कुठं लावायचं ते मात्र तिला कळेना. जेवताना मध्येच घास थांबवून ती विचारायची, "म्हणजे कुणी ऐकतच नव्हतं की काय रे?"

"तसं नाही गं आत्या. बोलण्याची पद्धत असते एक."

"बोलण्याची पद्धत मला सांगतोस?"

मी पुढचा घास घ्यायचो. मी तसाही घरात गप्पच बसतो, माझी बोलण्याची हौस मी लिहून भागवतो.

घरी बसलेल्या आत्यानं मग घरातच काम सुरू केलं. मी आंघोळीला गेलो की "स्नानगृह रिकामं होण्याच्या तयारीत आऽऽहे" असं जाहीर व्हायचं आणि मला साबण तसाच अंगावर ठेवून बाहेर यावं लागायचं. पण खरा भडका उडाला तो जेवणाच्या टेबलावर. बायकोनं भाजीचं पातेलं आणून ठेवलं आणि आत्या म्हणाली, "लक्ष द्या, लक्ष द्या, लक्ष द्या. भाजी टेबलावर लागली आऽऽहे."

"कुठं लागली?" बायको म्हणाली. "दाखवा मला कुठं लागली ती. तळाला हात घालून बघा."

"अगं, लागली म्हणजे आली."

"आली तर आली म्हणा. चार माणसांत लागली म्हणू नका. शेजारच्या वहिनींना ऐकू गेलं असेल. त्यांना वाटेल, ही रोज करपवते."

"चार माणसं कुठं आहेत? आपण तिघंच आहोत," मी म्हणालो.

"तुम्ही मध्ये बोलू नका."

त्याच दिवशी बायकोनं मला स्वयंपाकघरात गाठून हळू आवाजात सांगितलं, "तुमच्या आत्याला कुठंतरी लावा." लावा या शब्दाचा अर्थ मी विचारला नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला सायकलच्या दुकानावर दोन खोल्यांत एक बालवाडी आहे. ती चालवतात मोठ्या बाई. मोठ्या बाई अंगानं काडीसारख्या आहेत. धाकट्या बाई कोणीच नाहीत, तरी त्या मोठ्याच. त्या शुद्ध बोलतात, दुसऱ्यांकडून शुद्धच ऐकतात आणि अशुद्ध ऐकलं की दात दुखल्यासारख्या गालाला हात लावतात.

त्या वर्षी थंडी अशी पडली की पोरांना अंगणात सोडायची सोय राहिली नाही. बर्फ पडला असता तर निदान बघायला तरी मिळाला असता. पण बर्फ पडतो तो वरच्या गावांना, आमच्या वाट्याला फक्त त्याच्यावरून आलेला वारा येतो. पोरं सकाळी टोपी, कानपट्टी, मफलर, स्वेटर, त्यावर कोट अशी गुंडाळून यायची आणि दुपारी घरी जाईपर्यंत त्या दोन खोल्यांत एकमेकांवर आपटत राहायची. आवरणं इतकी होती की कुणाला लागत नसे, पण आवाज फार व्हायचा. खालचा सायकलवाला वर येऊन विचारून गेला, तुम्ही वर पिंपं साठवता का? त्यात मदतीची बाई नोकरी सोडून गेली. मोठ्या बाईंनी विचार करून 'शीतकालीन बैठे सामूहिक खेळ' असा एक कार्यक्रम आखला. त्यात एकही खेळ बसून खेळण्याचा नव्हता, पण बाहेरचा नव्हता म्हणून तो बैठा. तो पोरांकडून करवून घ्यायला त्यांना माणूस हवा होता. आवाज असलेला.

मी आत्याला नेऊन उभी केली.

"हिवाळा संपताना पालकांना बोलावून खेळ दाखवायचे आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या. "तोवर तुम्ही या. पुढचं त्या दिवशी ठरवू. मुलं तुम्हाला मावशी म्हणतील."

"नाही म्हणणार," आत्या म्हणाली.

"का?"

"मला बहीण नाही. भाऊ होता. बहिणीशिवाय मी मावशी कशी होणार? मी आत्या आहे."

मोठ्या बाईंनी गालाकडे नेलेला हात अर्ध्यावर थांबवला. यात अशुद्ध काहीच नव्हतं.

अशी आत्या कामाला लागली. आणि सांगायला हरकत नाही, पहिले काही दिवस कामाला बहार आली. कागदावर मोठ्या बाईंनी लिहिलेले खेळ साधेच होते. आत्यानं त्यांचं स्थानक केलं.

हिमगोळ्यांचा खेळ घ्या. पालकांकडून जुने पांढरे मोजे मागवले होते. प्रत्येक घरात एक तरी विधुर मोजा असतोच, त्यामुळे ढीग जमला. मोज्याची घट्ट वळकटी केली की झाला हिमगोळा. पोरांनी तो लांबून टोपलीत टाकायचा, एवढाच खेळ. पण आत्या खुर्चीवर उभी राहून म्हणायची, "लक्ष द्या, लक्ष द्या, लक्ष द्या. खिडकीकडून येणारा हिमगोळा निळ्या टोपलीत पोचण्याच्या तयारीत आऽऽहे." आणि तो 'आहे' संपेपर्यंत सगळी पोरं श्वास रोखून निळ्या टोपलीकडे बघायची. गोळा बाहेर पडला तर ती शांतपणे सांगायची, "तांत्रिक कारणामुळे हिमगोळा रद्द करण्यात आला आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." पोरगं रडायचं विसरून पुन्हा रांगेत लागायचं. स्वतःचा नेम चुकला नसून तांत्रिक कारण होतं, हे कळल्यावर कोण रडेल? मोठेपणी मीही हेच सांगत आलो आहे.

हातमोज्यांचा ढीग करून आपली जोडी शोधायचा खेळ होता. पुठ्ठ्यावर उभं राहून गुळगुळीत फरशीवर घसरत जायचा होता. एकाला जुन्या पांढऱ्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळून हिममानव करायचा होता. हिममानव म्हणून एक ठरलेला गुबगुबीत मुलगा होता, तो गुंडाळून होताहोताच झोपी जायचा. आणि पेंग्विनची गाडी होती. पोरांनी एकामागं एक उभं राहून पुढच्याचा कोट धरायचा आणि पाय न वाकवता डुलत डुलत भिंतीकडेनं जायचं. आत्या म्हणायची, "पुढचा थांबा, खिडकी." खिडकी आली की खिडकीचे प्रवासी उतरायचे. "पुढचा थांबा, कपाट." कपाटाचे उतरायचे.

गडबड एकाच शब्दानं झाली, आणि तो आमच्या घरीही नडलेला होता. पहिल्याच दिवशी आत्यानं घोषणा केली, "पेंग्विनची गाडी लागली आऽऽहे." बालवाडीत 'लागली' या शब्दाला एकच अर्थ असतो. तो ऐकताच निम्मी पेंग्विनं मागच्या न्हाणीघराकडे धावली, आणि उरलेली त्यांना बघून.

"आता तुम्हाला कळलं असेल," त्या संध्याकाळी बायको मऊ आवाजात म्हणाली, "मी का म्हणत होते ते."

तरी सगळं सुरळीत होतं. मग गोठण्याचा खेळ आला.

खेळ जगजाहीर आहे. गाणं वाजतं, पोरं नाचतात, गाणं थांबतं, पोरं जागच्या जागी थिजतात. आपण सगळे तो 'स्टॅच्यू' म्हणून खेळलो. मोठ्या बाईंना ते चालणार नव्हतं. एक तर तो शब्द इंग्रजी, आणि दुसरं म्हणजे त्यात हिवाळा कुठं आहे? "आपली मराठी शाळा आहे," त्या म्हणाल्या. "आपण गोठणार. मी गाणं थांबवलं की तुम्ही म्हणायचं, गोठा. मग म्हणायचं, वितळा."

गाणं लागलं, पोरं नाचली, गाणं थांबलं. आत्या साऱ्या स्थानकाला ऐकू जाईल असं म्हणाली, "गोठाऽ!"

वर्गातलं प्रत्येक मूल गुडघ्यांवर आणि हातांवर उतरलं आणि हंबरलं.

"हे काय करताहेत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"गोठा," आत्या म्हणाली.

"मी गोठा म्हटलं होतं. गोठा नव्हे!"

"तेच म्हणाले मी. गोठा."

"अहो, गोठा म्हणजे गोठा नाही. गोठा म्हणजे गोठणे!"

तेव्हा गाईंमधून एक मुलगी उभी राहिली. तिला सगळे टोपी म्हणायचे, कारण ती लाल टोपी कुठल्याही परिस्थितीत काढत नसे. तिनं भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवलं. "बाई, पक्ष्याचं घर घरटं. घोड्याचं घर तबेला. गाईचं घर गोठा. तुम्हीच शिकवलं."

मोठ्या बाईंनी शिकवलं होतं. मागच्याच महिन्यात, रोज, सुरात. ते विसरायला लावणं आता त्यांच्याही हातात नव्हतं. "वितळा," त्या खचलेल्या आवाजात म्हणाल्या, आणि साऱ्या गाई फरशीवर पसरल्या. वितळण्यात कुणाचीच चूक झाली नाही.

त्यांनी दुसरा शब्द द्यायचं ठरवलं. "थिजा" म्हणून बघितलं. पोरं पिझ्झा कुठंय म्हणून विचारू लागली. "स्तब्ध" म्हणून बघितलं. "सब्द" म्हणत त्यांनी तो एकमेकांना म्हणून दाखवला. शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या, सरळ थांबा म्हणा. गाणं थांबलं, आत्या म्हणाली "थांबा!" आणि अख्खा वर्ग पेंग्विनच्या गाडीतून उतरल्यासारखा खिडकीकडे, कपाटाकडे, दाराकडे पांगला. थांबा आला म्हणजे उतरायचं, एवढं त्यांना आत्यानंच शिकवलं होतं.

आता मराठी भाषेत त्या पोरांना एका जागी उभं करील असा शब्दच उरला नव्हता.

गोष्ट पालकांपर्यंत गेली. टोपीला न्यायला तिचे आजोबा यायचे. ते आयुष्यभर बसचे चालक होते, तेही आमच्याच स्थानकाचे. जिन्यात आत्या दिसताच ते दोन पायऱ्या खाली उतरले.

"अहो बाई! तुम्ही इथंही?"

"का? तुमची गाडी रोज मीच तर सोडायची."

"सोडत नव्हता तुम्ही, हाकलत होता. चहाचा पेला तोंडाशी नेला की वरून तुमचं सुरू. सगळ्या नोकरीत एक चहा गरम प्यायलो असेन तर शपथ."

"मला वरून चहाची टपरी दिसत नव्हती."

"मला खालून तुम्ही दिसत होता. आणि आता ही बघा. काल आईनं दूध पी म्हटलं तर जमिनीवर वितळली. परवा पाहुण्यांसमोर हंबरली. सून म्हणते, थंडीचे खेळ शिकायला पाठवली होती, वासरू झालं."

"मी हंबरले नव्हते," टोपी म्हणाली. "मी गोठले होते."

"बघा," आजोबा म्हणाले.

असं दोन-चार घरांतून आलं. मोठ्या बाईंनी आत्याला बसवून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, शुद्ध बोलल्या. पालकांच्या दिवशी मुलं गोठलेली दिसली पाहिजेत. हंबरली तर पुढच्या सत्रासाठी दुसरी व्यवस्था बघावी लागेल.

आत्या घरी आली ती कोट न काढताच बसली. बायकोनं चहा पुढे ठेवला.

"अहो आत्या, नसेल जमत तर सोडा. एवढी काय ती बालवाडी? घरी काय कमी आहे तुम्हाला?"

आत्यानं कप दोन्ही हातांत धरला. मग साध्या, माणसांच्या आवाजात म्हणाली, "तिथं मी बोलते आणि पोरं काहीतरी करतात गं. चुकीचं करतात. पण करतात."

बायको आत गेली आणि बशीत आणखी दोन बिस्किटं घेऊन आली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो.

मग सराव सुरू झाला. शब्द बदलता येत नसेल तर सूर बदलू, असं आत्याचं म्हणणं. चित्रातला गोठा आखूड आणि खेळातला गोठा लांब, की उलटं? ती हे आमच्यावर करून बघू लागली. मी गोठण्यात सामान्य निघालो, मला खाज सुटते. बायको मात्र पटाईत निघाली. हातात झारा घेऊन ती अशी गोठायची की तेल तापून धूर निघाला तरी हलायची नाही. "त्यांनी वितळा म्हटलेलं नाही," ती ओठ न हलवता सांगायची. स्वयंपाकघरात धूर व्हायला लागल्यावर आत्यानं सराव गॅलरीत हलवला. भर थंडीत, वाऱ्याला तोंड करून ती ओरडायची, "गोठा! गोठाऽ! गोऽठा!" शेजारच्या वहिनी खिडकीतून डोकावून म्हणाल्या, "म्हैस घेतलीत का हो? दूध मिळेल का आम्हाला?"

पालकांच्या दिवशी सकाळी आत्यानं चहा घेतला, तोंड उघडलं आणि काहीही आलं नाही.

घसा बसला होता. नुसता बसला नव्हता, त्यानं अंथरूण धरलं होतं. बायकोनं गरम पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, गळ्याला मफलर गुंडाळला, त्यावर दुसरा मफलर गुंडाळला. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा आवाज आत्याच्या घशातून आला आणि तोही थांबला. "मी सांगतो जाऊन," मी म्हणालो. आत्यानं माझा दंड असा धरला की मी सांगायला गेलो नाही. आम्ही तिघंही गेलो.

बालवाडीत पालक पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसले होते. सगळ्यांचे गुडघे हनुवटीला लागले होते. टोपीचे आजोबा मागच्या ओळीत होते. ते अंगानं दांडगे, खुर्चीत बसले म्हणजे खुर्ची त्यांनी अंगात घातल्यासारखी दिसत होती. मोठ्या बाईंनी आत्याच्या मफलरकडे बघितलं. आत्यानं गळ्याकडे बोट दाखवलं. मोठ्या बाईंना वाटलं, थंडी आहे.

पालकांसमोर घोषणा शुद्ध व्हाव्यात म्हणून त्या मोठ्या बाईंनी स्वतःकडे घेतल्या होत्या, गोठण्याचा खेळ तेवढा आत्याकडे ठेवला होता. "आता मुले हिमगोळे टोपलीत टाकतील," त्या म्हणाल्या. मुलांनी टाकले. एक बाहेर पडला आणि तांत्रिक कारण कुणी सांगितलं नाही, म्हणून टाकणारा रडला. पेंग्विनची गाडी खिडकीपाशी गेली आणि उतरायला कुणी सांगेना म्हणून खिडकीतच अडकली. हिममानव झोपला, ते एक नेहमीप्रमाणे झालं. पोरं पुन्हा पुन्हा आत्याकडे बघत होती. आत्या भिंतीला टेकून उभी होती. इतकी लहान मी तिला कधी बघितली नव्हती.

शेवटी तो खेळ आला. मोठ्या बाईंनी मोबाइलवर गाणं लावलं. पोरं नाचली. मोठ्या बाईंनी गाणं थांबवलं आणि आत्याकडे हात केला.

आत्या पुढे आली. छाती भरून श्वास घेतला. सगळ्या पोरांनी कान टवकारले. आत्यानं तोंड उघडलं.

काहीच नाही.

तिनं पुन्हा उघडलं. पुन्हा काहीच नाही.

त्या पोरांनी आजवर आत्याचं तोंड उघडलेलं आणि आवाज नाही, असं कधी पाहिलंच नव्हतं. जी जिथं होती तिथं ती तशीच राहिली. कुणाचा पाय वर, कुणाचा हात दुसऱ्याच्या कोटात, कुणाचं बोट नाकात. टोपी एका पायावर, तोंड उघडं, डोळे आत्यावर. वर्गात श्वाससुद्धा ऐकू येईना.

पालकांनी टाळ्या वाजवल्या. "काय शिकवलंय!" एक वडील म्हणाले. "आमचा तर झोपेतसुद्धा हलत असतो." मोठ्या बाईंचा चेहरा उजळला. त्या हात पसरून म्हणाल्या, "वितळा!"

कुणी वितळलं नाही.

"मुलांनो, वितळा बघू."

पोरं गोठलेलीच. पालक कौतुकानं हसले. थोडं थांबून थोडं कमी हसले. एक आई पुढे होऊन म्हणाली, "बाळा, वितळ रे." बाळ वितळलं नाही. कौतुक करणाऱ्या वडिलांनी आपल्या मुलाला उचललं, तो टेबल उचलावं तसा आला, एक पाय वरच. एका आजीनं नातवाला कोट चढवायला घेतला, पण हात खाली घेईना तर बाही चढणार कशी?

"अगं, हे काय झालंय यांना?" आजी म्हणाल्या. "वारं लागलं का?"

"काही नाही, काही नाही," मोठ्या बाई गालाला हात लावून म्हणाल्या. "वितळा! वितळा म्हणते ना मी!"

टोपीनं ओठांच्या कोपऱ्यातून सांगितलं, "आत्या बोलली नाही अजून."

सगळे आत्याकडे वळले. तिनं जीव एकवटून प्रयत्न केला. ट्यूबमधली हवा गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते घशाच्या दुखण्यानं नव्हतं हे माझ्या बायकोलाही कळलं, कारण तिनं माझा हात दाबला. मोठ्या बाईंनी आत्यासारखं म्हणायचा प्रयत्न केला. त्यांचा 'आहे' शुद्ध होता, त्यामुळे फार आखूड होता.

तेव्हा मागच्या ओळीत टोपीचे आजोबा उभे राहिले. खुर्ची त्यांच्याबरोबर उभी राहिली. ती त्यांनी हातानं काढून ठेवली, घसा खाकरला, तोंडासमोर मूठ धरली आणि छताकडे बघितलं. स्थानकाचे कर्णे छतालाच होते.

"लक्ष द्या, लक्ष द्या," आजोबा म्हणाले, आणि माझ्या अंगावर काटा आला. आवाज जाडाभरडा पुरुषाचा, पण चाल, चढ, उतार, श्वास घ्यायची जागा, सगळी आत्याची. "फलाट क्रमांक एकवरील सर्व मुलं वितळण्याच्या तयारीत आऽऽऽहेत."

तो 'आहेत' खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. आणि तो संपेपर्यंत एकेक करून सगळी पोरं फरशीवर सांडली. टोपी सगळ्यात शेवटी, टोपीसकट.

पालक पोटं धरून हसत होते. आत्या हसत नव्हती. ती आजोबांकडे बघत होती.

"काय बघताय, बाई?" आजोबा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले होते. "साऱ्या नोकरीत दुसरं ऐकलंय काय मी?"

आत्यानं त्यांना जवळ बोलावलं. घशातून कसेबसे तीन-चार शब्द काढले. मी शेजारीच होतो, म्हणून मला ऐकू आले.

"लक्ष द्या... तीनदा असतं."

"तिसऱ्याला मी गाडीत चढलेला असायचो," आजोबा म्हणाले.

मोठ्या बाईंनी सत्राचं काय ठरवलं हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. पालक जाताना विचारत होते, हे घरी कसं करायचं, झोपायच्या वेळी फार उपयोगी पडेल. बाईंनी भिंतीवरचं प्राण्यांच्या घरांचं चित्र उतरवलं, पुसलं आणि पुन्हा तिथंच लावलं. मग आत्याला म्हणाल्या, "घसा बरा झाला की या. घाई नाही." दारापर्यंत पोचवायला आल्या आणि म्हणाल्या, "घाई करा थोडी."

आत्याचा घसा बरा व्हायला काही दिवस लागले. आमचं घर त्या दिवसांत फार शांत होतं. मी आंघोळ पुरी केली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बायकोनं भाजीचं पातेलं टेबलावर ठेवलं, आत्याकडे बघितलं, थोडी वाट बघितली आणि मग स्वतःच म्हणाली, "लागली आहे हो भाजी." आणि माझ्याकडे वळून, "हसू नका. आली आहे असं म्हणायचंय मला."

हिवाळा संपला तरी आत्या बालवाडीत जाते. पोरं आता अंगणात खेळतात, तरी गोठण्याचा खेळ आठवड्यातून एकदा होतो. आत्या तोंड उघडते आणि काहीच बोलत नाही, पोरं गोठतात. या शोधाचं श्रेय मोठ्या बाई घेतात, आत्या घेऊ देते.

टोपीचे आजोबा हल्ली शाळा सुटायच्या बऱ्याच आधी येतात. समोरच्या टपरीवर चहा सांगतात आणि पेला घेऊन अंगणाच्या भिंतीला टेकून उभे राहतात. आत्या वर खिडकीत असते. तिथून टपरी स्पष्ट दिसते. बाकीच्या पोरांची नावं पुकारून झाली, ती घरी गेली, तरी टोपी जिन्यात बूट घालून उभी असते.

"आत्या, माझं कधी?"

"थांब. अर्धा पेला आहे अजून."

आजोबा शेवटचा घोट घेतात, पेला उलटा करून दाखवतात. मग आत्या छाती भरून श्वास घेते.

"लक्ष द्या, लक्ष द्या, लक्ष द्या..."